जिन्यावर बसलेली बाई

२ फेब्रुवारी, सोमवार

वळून पाहिलं तर बायको मागे नव्हती. भाजीच्या दोन्ही पिशव्या तिसऱ्या मजल्यावर दाराशी टेकवून परत खाली उतरलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवर बसली होती. चष्मा मांडीवर, डोळे मिटलेले.

"काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढे. पिशव्या जड आहेत."

"पिशव्या वर पोचल्या. मीच नेल्या."

"तेच. तुझ्याकडे बघून दमले."

मला हसू आलं. ती हसली नाही. थोड्या वेळाने कठडा धरून उठली आणि आम्ही वर आलो. लिफ्ट बंद पडली आहे आणि दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो आहे.

चहा टाकण्याआधी मी ते बोलणं कागदावर उतरवलं. पेपरातल्या चित्रपट्टीच्या तीन चौकटी सहज झाल्या. महिनाभरात सुचलेली ही पहिली बरी गोष्ट, आणि तीही मला सुचलेली नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

पेपरच्या कचेरीत जाऊन आलो. संपादकबाईंनी माझे आधीचे कागद एका बोटाने बाजूला सारले.

"डॉक्टर, पेशंट आणि डॉक्टरचे विनोद पुरेत. लोकांना ते पाठ आहेत. शेवटची चौकट वाचायच्या आत पान उलटतात."

"मग काय लिहू?"

"घरातलं लिहा. घर आहे ना तुम्हाला?"

मी जिन्याचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला. हसल्या नाहीत, पण नाकातून थोडी हवा गेली. इथे ते हसण्यात धरतात.

"या बाई रोज हव्यात. मार्चअखेर मालक ठरवतील चित्रपट्टी ठेवायची की तिथे राशिभविष्य मोठं करायचं."

नावामागचं 'डॉ.' काढा, अशी पुन्हा विनंती केली.

"राहू दे हो. ते बघूनच लोक थांबतात."

येताना विचार करत होतो. बायको आणि मी एकाच वर्गात शिकलो, एकच दवाखाना काढला. सकाळी ती बसायची, संध्याकाळी मी. मग गेल्या वर्षी एका संध्याकाळी समोरचा माणूस पोटाबद्दल सांगत होता आणि मला फक्त त्याचे ओठ हलताना दिसत होते. शब्द पोचत नव्हते. ऐकून ऐकून माझ्यात जागा उरली नव्हती. चित्रपट्टीत बरं असतं. प्रत्येक जण एक वाक्य बोलतो आणि चौकट संपते. घरी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चालेल. संध्याकाळचं मी बघते." आता दोन्ही वेळा तीच बसते. ती माझ्यापेक्षा दणकट आहे. विद्यार्थी असल्यापासून.

९ फेब्रुवारी, सोमवार

चित्रं काढणाऱ्याकडे दुपार गेली. काढतो त्याहून जास्त खोडतो म्हणून कचेरीत त्याला सगळे रबर म्हणतात. आधी शाळेच्या पुस्तकांत चित्रं काढायचा. त्यामुळे त्याची माणसं जरा आज्ञाधारक दिसतात. बाई मात्र त्याला जमल्या. रुंद खांदे, पुढे आलेली हनुवटी, पायांत सपाट चपला.

"डॉक्टर, यांचा उजवा हात कुठे ठेवू? नुसता लोंबतोय. मेल्यासारखा दिसतो."

मी दाखवलं. "इथे. छातीच्या मधोमध."

त्याने पंजा काढला.

"पंजा नको. मूठ."

"मूठ कशाला? चिडल्यात का?"

"चिडलेली नाही. बसली की तशीच बसते."

त्याने पंजा खोडून मूठ काढली. ती काढल्याबरोबर बाई जिवंत झाल्या. दोघंही थोडा वेळ बघत राहिलो. पुढे सगळ्या चित्रांत ती तशीच ठेवायची ठरलं. वाचक मुठीवरून बाईंना ओळखतील.

आमचं काम छपाईच्या दोन-तीन आठवडे पुढे चालतं. आज काढलेली बाई महिनाअखेरीला दिसेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आता मी तिला रोज विचारतो, आज काय झालं? पहिल्या दिवशी तिने चमकून पाहिलं.

"काय रे, आजकाल चौकशी करतोस?"

"सहज."

"वर्षानुवर्षं नाही केलीस. बरं वाटतं."

खरं कारण सांगितलं नाही. खोटं बोललो असंही नाही. ती जेवताना सांगते आणि मी मध्ये तोंड घालत नाही, कारण मध्ये बोललं की माणूस स्वतःचं वाक्य सोडून आपलं वाक्य बोलायला लागतो. मग ते पट्टीच्या उपयोगाचं राहत नाही.

आज म्हणाली, जबडा दुखतोय. डाव्या बाजूला. दवाखान्यातून चालत येताना दुखायला लागतो आणि घरी बसलं की थांबतो.

"दात?"

"दात नाही. बडबड करून दुखत असेल. दिवसभर तोंड चालू असतं."

तिची पाठ वळल्यावर लिहिलं. पहिल्या चौकटीत बाईंनी जबड्याला रुमाल बांधलेला. दुसरीत नवरा विचारतो, फार बोललीस का? तिसरीत बाई म्हणतात, "नाही. जे बोलले नाही ते चावत बसले." हे शेवटचं माझं. त्यावर अजून खूश आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्याची पट्टी छापून आली. पेपर उघडून तिच्या बशीशेजारी ठेवला होता. तिने त्यावर बशी ठेवली, चहा अर्धा प्याली आणि गेली. सध्या घरातून लवकर निघते. पूर्वी जिथे ती एका दमात पोचायची तिथे आता वेळ हातात ठेवून निघते. पेशंट वाढले असतील.

तिने अजून एकही पट्टी वाचलेली नाही. मला लागलं. लागायला नको होतं.

मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात शिकते, तिथे हा पेपर मोबाइलवर बघते.

"बाबा, ही आई आहे ना?"

"कोणीही असू शकते."

"बाबा."

"थोडीफार."

"तिला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"जाऊ दे. तिला जरा फिरायला ने. पूर्वी माझ्याशी फोनवर चालता चालता बोलायची. आता बोलायचं असलं की थांबते. आणि चालायला लागली की फोन ठेवते."

हे टिपून ठेवलं आहे. 'बोलायला थांबते.' पट्टी होईल असं वाटलं, पण तिसरी चौकट मिळत नाही.

४ मार्च, बुधवार

रबर चित्रं दाखवायला घरी आला. ती दार उघडून, पाणी देऊन आत गेली.

"डॉक्टर, मग पट्टीतल्या बाईंचेही केस कापू का?"

"का?"

"वहिनींनी कापलेत ना."

मी आत जाऊन पाहिलं. मानेपर्यंत कापले होते. लग्नाआधीपासून तिचे केस लांब होते.

"कधी कापलेस?"

"शनिवारी. आलं का लक्षात? चला."

"का पण?"

"विंचरायला हात वर धरवत नाहीत. भरून येतात. मध्येच थांबून बसावं लागतं. एवढा वेळ कोणाला आहे?"

बाहेर येऊन रबरला तिथल्या तिथे पट्टी सांगितली. बाईंचे केस कापलेले, नवरा पेपरामागे. दुसऱ्या चौकटीत तेच. तिसरीत नवरा पेपराआडूनच म्हणतो, "आज खोलीत उजेड जास्त आहे का गं?"

रबर हसला, मग त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"त्यांना चालतं ना हे?"

"ती वाचत नाही," मी म्हणालो.

१० मार्च, मंगळवार

हल्ली जेवण झालं की ती सोडा घेते. ओट्याशी उभी राहून, ग्लास हातात, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर, ढेकराची वाट बघत. आज मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. तिला वाटलं सोबतीला बसलो.

"येतो का?"

"नाही. इथे अडकलाय. दगड ठेवल्यासारखं."

"काय खाल्लं होतंस?"

"तू केलं तेच. तुलाच विचारायला हवं."

बराच वेळ वाट पाहून ती म्हणाली, "या घरात कोणी वेळेवर येतच नाही."

हे जसंच्या तसं घेतलं. शब्द बदलावा लागला नाही. अशा वेळी मला वाटतं मी लेखक नाही, चोर आहे. पण चोराला निदान चोरी करताना घाम फुटतो. घाम तिलाच आला होता. ओट्याशेजारी उकडतं.

१७ मार्च, मंगळवार

काही सुचत नाही. सकाळपासून तीन रिकाम्या चौकटी समोर आहेत. ज्या थकव्यापायी दवाखाना सोडला तो इथेही येऊन बसला आहे. त्याला पत्ता कोणी दिला?

कचेरीतून निरोप आहे. मालक कुरकुर करतात. पट्टीला धड सुरुवात नाही, शेवट नाही, बाई नुसत्या बसलेल्या असतात. पुढच्या आठवड्यात बारा निवडक पट्ट्या द्यायच्या, छापलेल्या आणि यायच्या धरून. त्या पाहून ते काय ते ठरवतील. राशिभविष्य मोठं झालं तर मी काय करणार? परत त्या खुर्चीत बसणं मला जमणार नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी दवाखान्यावरून गेलो. आत गर्दी होती. पाटीवर अजून दोघांचीही नावं आहेत. माझ्या नावावर जास्त धूळ आहे असं वाटलं, पण धूळ सारखीच असणार.

घरी आल्यावर म्हणालो, "माझं नाव काढून टाक ना आता. लोक विचारतात."

"काढते रे. स्टूलवर चढायचा कंटाळा येतो."

यातून काही निघालं नाही.

२५ मार्च, बुधवार

निवडलेल्या बारा पट्ट्या जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे मांडल्या होत्या. ती आली, दारातच जरा टेकली, मग पाणी प्यायला म्हणून टेबलाशी आली.

"हे काय मांडलंयस?"

"उद्या द्यायच्यात. तूच सांग, यातली कुठली कच्ची आहे?"

मी मुद्दाम विचारलं. अशी तरी वाचेल.

तिने चष्मा लावला. डावीकडून सुरुवात केली. पिशव्या, जबडा, दुपारी खुर्चीत झोपलेल्या बाई, केस, सोडा. एकेका पट्टीवर ती बोट ठेवायची आणि मग पुढे सरकायची. मी तिचं तोंड बघत होतो. कुठेही हसली नाही. शेवटाला पोचल्यावर परत पहिल्या पट्टीकडे गेली.

"क्रमाने लावल्यास?"

"हो."

"ही मूठ रबरने काढली?"

"मी सांगितली तशी. तू बसतेस तशी."

"मी अशी बसते?"

"नेहमी."

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

"वय काय धरलंस बाईंचं?"

"आपल्याएवढं. का?"

"आणि दुपारी खुर्चीत झोपतात तिथे तू लिहिलंयस, 'उद्याचं आजच दमून घेते.' हे मी म्हणाले?"

"अक्षरशः."

"सोड्याच्या वेळी घाम होता ना मला?"

"होता. तो चित्रात दाखवता येत नाही. थेंब काढले की रडल्यासारखं दिसतं."

ती बसली. मी म्हणालो, तुला न विचारता घेतलं, चुकलं माझं, पण हे काम असंच असतं. ती ऐकत नव्हती.

"तू कधी इतकं नीट ऐकलं नव्हतंस," ती म्हणाली. टोमणा असावा.

मग मदतनीस मावशींना फोन करून उद्या दवाखाना बंद असल्याचं सांगितलं. आजवर तिने आजारपणातही दवाखाना बंद ठेवलेला नाही. बाराही पट्ट्या गोळा करून आपल्या पिशवीत घातल्या.

"अगं, त्या कचेरीत द्यायच्यात."

"परवा दे. उद्या माझ्याबरोबर चल. गाडी तू चालव."

कुठे ते सांगितलं नाही. पेपरच्या मालकाकडे जाऊन भांडणार असेल तर मला लपायला जागा उरणार नाही. तिला राग आला की ती अशी शांत होते. ती जेवली नाही. सोडाही घेतला नाही. मी एकटाच जेवलो.

२६ मार्च, गुरुवार

हृदयाच्या इस्पितळात.

फाटकातून गाडी आत वळवायला तिने सांगितलं तेव्हाही मला कळलं नाही. गाडी लावून उतरलो, दारावरची पाटी वाचली, आणि मग बारा पट्ट्या माझ्या डोळ्यांसमोरून क्रमाने गेल्या. मी गाडीला धरून उभा राहिलो. ती पुढे चालत होती, हळू. मी धावत जाऊन तिची पिशवी घेतली.

"जड नाहीये," ती म्हणाली. "आत फक्त तुझा कागद आहे."

तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? तिने पट्ट्या टेबलावर मांडल्या. ते आधी गोंधळले. मग वाचायला लागले. सोड्याच्या पट्टीला हसले आणि लगेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

"ही हिस्ट्री कोणी घेतली?"

"यांनी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"पाटीवर अजून आहेत," ती म्हणाली.

दुपारी अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूची मुख्य धमनी सुरुवातीलाच अरुंद आहे. एवढी, की आज सकाळी ती जिना कशी उतरली याचं त्यांना नवल वाटलं. घरी सोडणार नाहीत. सोमवारी शस्त्रक्रिया.

मी विचारलं, "तुला कसं कळलं नाही?"

"प्रत्येक वेळी वेगळं वाटायचं. कधी पिशव्या, कधी ॲसिडिटी, कधी वय. एकत्र कोण लावतंय? स्वतःची हिस्ट्री कोणी घेतं का?" मग म्हणाली, "आणि तुला?"

मी म्हणालो, "मी तिसरी चौकट शोधत होतो."

२९ मार्च, रविवार

मुलगी काल आली. माझ्याशी फारसं बोललेली नाही. आईचं डोकं विंचरते आणि कापलेल्या केसांवर हात फिरवत राहते.

संपादकबाईंना फोन केला. म्हटलं, पुढच्या पट्ट्या थांबवा, बाई छापू नका.

"अहो डॉक्टर, तुम्ही कागद दिले नाहीत म्हणून मी आधीच्याच दाखवल्या. मालकांच्या आईने सगळ्या वाचल्यात. पट्टी राहिली. रोज. बाई हव्यात."

मी कारण सांगितलं.

"मग तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

फोन ठेवला. जी गोष्ट मला दोन महिने हवी होती ती मिळाली होती आणि तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. आत जाऊन तिला सांगितलं की सगळं थांबवतो आहे. बाई परत काढणार नाही.

"का? त्या आजारी आहेत म्हणून?"

"तुला बघून लोक हसतात, याचा त्रास होतो."

"आता होतो. आधी नव्हता." ती डोळे मिटून बोलत होती. "राहू दे त्यांना. तुझ्या वाचकांतल्या एखादीने स्वतःची मूठ बघितली तर? फक्त एक कर. नवऱ्याला जरा कामाला लाव. नुसता पेपर वाचतो."

मी हो म्हणालो.

"दवाखाना किती दिवस बंद ठेवायचा?" तिने विचारलं.

"तुला बरं वाटेपर्यंत."

"मावशी सांगत होत्या, लोक येऊन पायरीवर बसतात. बंद आहे सांगितलं तरी बसतात."

तिने मला तिथे बसायचा आग्रह केला नाही. तिने आग्रह केला असता तर मला नाही म्हणता आलं असतं.

"पाटीवरचं नाव काढायला मी स्टूल आणलं होतं," ती थोड्या वेळाने म्हणाली. "जानेवारीत. दोन पायऱ्या चढले आणि छातीत भरून आलं. मग म्हटलं, असू दे."

३० मार्च, सोमवार

सकाळी तिला आत नेलं. दारापर्यंत हात धरू दिला. माझं बोट तिच्या मनगटावर आपोआप नाडीवर गेलं. तिने ते पाहिलं.

"किती?"

"जरा जलद आहे."

"असणारच, मूर्खा," ती म्हणाली, आणि दार बंद झालं.

बाहेर बाकांवर माणसं होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या सुनेला आत नेलं होतं. त्यांनी बोलायला सुरुवात केली. सुनेचं, मुलाचं, मग स्वतःच्या गुडघ्यांचं. मुलगी माझ्याकडे बघत होती, बाबा आता उठून जाईल म्हणून. मी उठलो नाही. ते गुडघ्यांबद्दल बोलत होते आणि शब्द पोचत होते. मध्ये काही विचारावंसं वाटलं, पण थांबलो. त्यांचं झाल्यावर विचारलं, उतरताना जास्त दुखतं की चढताना?

"उतरताना," ते म्हणाले. "हे आजवर कोणी विचारलं नव्हतं."

दुपार उलटून गेल्यावर शस्त्रक्रिया करणारे बाहेर आले. टोपी काढून हातात चुरगळत होते. म्हणाले, पार पडलं, आजची रात्र बघू. मुलगी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मला रडू आलं नाही. फार दमलो आहे.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी ती शुद्धीवर होती. तिच्या घशातली नळी काढली होती. जबडा दुखत नाही, म्हणाली. पेपरात सोड्याची पट्टी होती, ती मुलीने दाखवली. नर्सने आम्हाला लगेच बाहेर काढलं. नऊ वाजता मी दवाखाना उघडला. पायरीवर माणसं बसली होती. मावशींकडून स्टूल घेऊन आधी पाटी पुसली.